मुक्या महिन्यातला ढोल

एल्डन माझ्यापेक्षा वयानं कितीतरी मोठा, तरी मी त्याची आत्या. आमच्यात कुळ आईकडून येतं, आणि त्याच्या बापाचं कुळ ते माझं, ससा. या कुळातली रांगणारी पोरगीसुद्धा त्याची आत्याच लागते. आत्याचं काम ठरलेलं असतं: भाच्याची बाजू घ्यायची आणि त्याच्या बायकोला चारचौघांत पिडायचं. बाकीच्या कामांत माझ्याबद्दल कोणी काही म्हणो, हे काम मी मन लावून केलं.

"नोरीन, माझ्या राजाला काय मिरचीसारखा वाळवत ठेवणारेस? गालफडं बघ त्याची!"

"घेऊन जा ना, आत्याबाई. आजच न्या. त्याची कातड्याची पिंपंही न्या. माझ्या घराला मेलेल्या बैलाचा वास येतो."

"ढोलवाल्याशी लगीन केलंस तेव्हा नाक गहाण ठेवलं होतंस?"

"तेव्हा कान उघडे होते. ढोल ऐकला आणि फसले."

एल्डन मधे बसून हसायचा. घर नोरीनचं, तिच्या आईकडून आलेलं. नवरा बायकोच्या घरी राहायला येतो, बायको कंटाळली तर त्याचं सामान दाराबाहेर ठेवते आणि मामला मिटतो. नोरीननं इतक्या वर्षांत सामान बाहेर ठेवलं नाही. जागाच नव्हती म्हणे, ढोलांनी ओसरी अडवली होती.

ढोल त्याला मामानं शिकवला. मामा कडक होता. छिन्नी हातात द्यायच्या आधी त्यानं एल्डनला एक अख्खा उन्हाळा नुसतं कातडं खरवडायला लावलं. राखेच्या पाण्यात भिजलेलं कातडं केस सोडतं, पण चरबी सोडत नाही, ती हातानंच काढावी लागते. चरबी राहिली की ढोल घशात बेडकी धरल्यासारखा बोलतो. खोड कॉटनवूडचं, ज्याचा कापूस जूनमध्ये ओढ्याकाठी उडतो त्या झाडाचं. जिवंत झाड तोडायचं नाही. उभं मेलेलं शोधायचं, आतून पोखरायचं, आणि एक हात आत, एक हात बाहेर ठेवून भिंत किती उरली ते चाचपायचं. मग ओलं कातडं दोन्ही तोंडांवर ठेवून त्याच कातड्यातून कापलेल्या लांब पट्ट्यांनी, वाद्यांनी, ओढायचं. खिळा नाही, डिंक नाही. सावलीत वाळू द्यायचं. उन्हात ठेवलं तर ते रागानं वाळतं, असं एल्डन म्हणायचा. मला म्हणायचा, "तुझ्यासारखं."

मामा गेल्यावर आमच्या पठारावर नाचाला ढोल लागला की लोक एल्डनकडं यायचे. पण ढोलावर चूल पेटत नाही. तो वयात आल्यापासून उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होता. मोठ्या यंत्रावर. खडक फोडायचा, कोळसा काढायचा, भुगा करायचा. तो भुगा पाण्यात कालवून नळातून दूरच्या वीजघराकडं ढकलायचे. ते पाणी आमच्या पायाखालचं. ते पाणी थांबवा म्हणून मी गावोगाव ओरडत हिंडायचे, कचेरीच्या दारात फलक घेऊन बसायचे, आणि माझाच भाचा रोज सकाळी डबा घेऊन तिकडं जायचा. आमची भांडणं व्हायची. मी म्हणायचे, "तू पाणी विकतोस." तो म्हणायचा, "मी पोरांना जेवू घालतो, तू त्यांना भाषण घाल." दोघंही खरं बोलायचो, त्यामुळं कोणी हरायचं नाही.

ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यानं खाण सोडली. पाठ गेली म्हणाला. त्याच उन्हाळ्यात नोरीनच्या कुळाचा झरा आटला आणि त्याच्याखालची झाडं वाळली. सगळी एकदम. ऑगस्टमध्ये पानं नाहीत, साल सुटलेली. मी फोटोवाल्याला घेऊन गेले, की खाणवाल्यांच्या सुनावणीत दाखवू, बघा तुमच्या पंपांनी काय केलं. पोहोचते तो काय, सगळ्यात मोठं झाड आडवं, आणि एल्डन त्यावर करवत घेऊन बसलेला.

"अरे, तो माझा पुरावा होता!"

"मेलेलं झाड आहे, आत्या."

"तेच म्हणतेय! ते कशानं मेलं ते दाखवायचं होतं!"

"बाकीची दाखव. मेलेल्या झाडांना आता काय तोटा?"

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. पण त्यानं ते झाड उगाच पाडलं नव्हतं. जानेवारीत आमच्या पठारावर रेड्याचा नाच होणार होता. त्या वर्षी तो हार्लन म्हाताऱ्याच्या किवानं अंगावर घेतला होता. किवा म्हणजे जमिनीखालची खोली, शिडीनं उतरायची, तिथं पुरुष जमतात, नाचाची तालीम करतात. त्यांचा जुना ढोल तडकला होता. हार्लन स्वतः एल्डनच्या घरी आला, जेवला, आणि मग म्हणाला, नवा कर. आणि वाजवणार होता डॅरल्ड, एल्डनच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात पोराला बाप लाड करायला असतो, शिकवायला मामा असतो. म्हणजे ढोल मामाचा, हात भाच्याचा, आणि नाच अख्ख्या गावाचा. एल्डनच्या आयुष्यात याहून मोठं काम आलं नव्हतं.

तहानेनं मेलेलं लाकूड वाईट असतं. पिळवटलेलं, कुठं कधी फुटेल नेम नाही. एल्डननं ते सप्टेंबरपासून हळूहळू पोखरलं. नोव्हेंबरमध्ये त्यानं आणि डॅरल्डनं कातडं चढवलं. डॅरल्डनं पाय लावून वाद्या ओढल्या, एल्डननं गाठी मारल्या. दहा दिवस कोरडी हवा मिळाली असती तर ढोल वाळला असता, वाजवून बघता आला असता, सैल वाटला तर परत ओढता आला असता. मिळालं काय? धुकं. भिजट, नाकात जाणारं धुकं, जे आमच्याकडं कधी येत नाही ते त्या वर्षी आलं आणि बसून राहिलं. कातडं ओलंच राहिलं. आणि तेवढ्यात डिसेंबरचा चंद्र दिसला.

तो चंद्र म्हणजे क्यामुया. मुका महिना. त्या महिन्यात आम्ही जमीन खणत नाही, ठोकाठोक करत नाही, पोरं अंगणात ओरडत नाहीत, माणसं हळू चालतात. संध्याकाळी म्हातारे गोष्टी सांगतात, बस. आणि ढोल? ढोलाचं तर नावही काढू नका. जमिनीखाली तेव्हा जे चाललेलं असतं त्याला धक्का लावायचा नाही. लावला तर येणारं वर्ष बिघडतं, बर्फ येत नाही, माणसं आजारी पडतात. यावर हसणारे हसोत, मी हसत नाही. मी कुणालाही शिव्या घालते, पण त्या महिन्यात माझाही आवाज खाली असतो.

म्हणजे एल्डनची अवस्था काय झाली बघा. आयुष्यातला सगळ्यात मोठा ढोल कोठीत टांगलेला. तो बोलतो की नाही माहीत नाही. लाकूड दगा देणारं. पूर्ण महिना त्याला बोटही लावायचं नाही, आणि महिना संपला की लगेच तालीम. नोरीन सांगायची, तो जेवताना उठून कोठीत जायचा, बघायचा, परत यायचा. "माझ्याकडं एवढं बघितलं असतं तर अजून चार पोरं झाली असती," ती म्हणाली. हळूच म्हणाली, महिनाच तसा होता.

त्या महिन्यातल्या एका दुपारी मी माझ्या बहिणीकडं निळा मका सोलत बसले होते. बाहेर चिटपाखरू नाही. आणि तो आवाज आला.

पहिल्यांदा मला वाटलं माझ्याच छातीत काहीतरी झालं. खोल, गोल आवाज. दगडी भिंतीतून वर चढल्यासारखा. मग पुन्हा. मग जरा जोरात. बहिणीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. आम्ही दारात आलो. सगळ्या दारांत माणसं उभी होती.  शेजारच्या म्हातारीनं नातवाला आत ओढलं आणि दार लावून घेतलं. आवाज चालूच.

मी धावले. आमच्यात त्या महिन्यात कोणी धावत नाही, मी धावले. कोठीचं दार उघडं होतं. एल्डन पाठमोरा, ढोल मांडीवर, एक तळवा एका तोंडावर दाबलेला, आणि दुसऱ्या हाताची मूठ दुसऱ्या तोंडावर पडत होती.

"एल्डन!"

तो वळला नाही.

"एल्डन, बस कर!"

मूठ पडतच होती. मी त्याचा खांदा धरला तेव्हा तो दचकला, वर बघितलं आणि हसला.

"आत्या! बघ, वाळलंय वाटतं. थंडीनं बोटं मेलीत, नीट कळत नाही, म्हणून जरा टकटक करून बघत होतो. तळव्याला थरथर लागतेय." हे तो एवढ्या मोठ्यानं बोलला, जसं आम्ही ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलतो.

मग त्यानं माझं तोंड बघितलं. दाराबाहेर जमलेली माणसं बघितली. आणि त्याला कळलं, मलाही कळलं. टकटक! त्याच्या लेखी ती टकटक होती.

मी दार लावून घेतलं. त्याच्या समोर बसले आणि ओठ मोठे करून विचारलं, "कधीपासून?"

"डावा फार आधी गेला. उजव्याला आता नुसती गुणगुण आहे." मग माझा हात धरला. "कोणाला सांगू नकोस. ढोल करणारा बहिरा आहे म्हटलं की संपलं, आत्या. कोण घेईल माझा ढोल? डॅरल्ड तरी घेईल का? म्हणू दे त्यांना मी माजलो, म्हणू दे मी रीत मोडली. पण हे नको."

"त्यांना वाटेल तू मुद्दाम केलंस! अरे, खाणीनं तुझे कान खाल्ले. इतकी वर्षं त्या यंत्रावर बसलास, कानात बोळे तरी दिले होते का धड? मी हे सुनावणीत मांडते, मी त्यांना..."

"गप!" हे तो खरंच ओरडला. मग म्हणाला, "खाण डिसेंबरात बंद असते का? नसते. मी बसायचो त्या यंत्रावर. या महिन्यात. जमीन खणायचो, आत्या, या महिन्यात, पोटासाठी, दरवर्षी. कान कोणी नेले ते मला सांगू नकोस. मला माहीत आहे."

 मी नाही म्हणाले असते तर मी आमचीच रीत खोटी पाडली असती. हो म्हणाले असते तर खाणवाले सुटले असते. 

दुसऱ्या दिवशी हार्लन आला. सोबत डॅरल्ड. नोरीननं आधी जेवायला वाढलं, मटण आणि मक्याचा रस्सा, आणि पिकी, निळ्या मक्याची कागदासारखी पातळ भाकरी. भांडायला आलेल्या माणसालाही आमच्याकडं आधी जेवू घालतात. हार्लन पिकीचा पापुद्रा मोडत, मान खाली घालून, हळू आवाजात बोलू लागला. महिना मुका, आवाज बारीक, आणि वर गळ्यातला मफलर तोंडापर्यंत. एल्डन त्याच्या तोंडाकडं टक लावून बघत होता आणि त्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं कुठला महिना आहे," हार्लन म्हणाला. "पोरानं केलं असतं तर वेगळं. तू का केलंस?"

एल्डननं रश्श्याची वाटी त्याच्याकडं सरकवली.

"एवढ्या जोरानं का?"

एल्डननं नुसती मान हलवली, हो की नाही ते कळू नये अशी.

"मामा," डॅरल्ड कळवळून म्हणाला, "काहीतरी बोला. बाहेर लोक म्हणतायत तुम्हाला त्या महिन्याची पर्वा नाही. किवातली माणसं म्हणतायत मी हात मागं घ्यावा."

खरं काय ते माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. मी जीभ दातांत धरली. एल्डननं हात धरून मागितलं होतं माझ्याकडं.

नोरीन चुलीपाशी होती. तिनं पळी ठेवली.

"त्याला ऐकू येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आल्यापासून काय बोललात त्यातलं एक अक्षर गेलं नाही त्याच्यात. किती वर्षं झाली. मी शिव्या देते आणि हा हसतो. आधी मला वाटलं, नवरा सुधारला."

कोणी हसलं नाही. हार्लननं मफलर खाली ओढला. आणि त्याच्या चेहऱ्यावरचा राग गेला. तो राग जाताना एल्डननं बघितला. शब्द ऐकू आले नव्हते, पण चेहरे बघून त्याला समजलं नोरीन काय बोलली ते. रागावलेला हार्लन त्याला चालला असता. आता म्हातारा त्याच्याकडं जसं बघत होता, तसं आपण लंगड्या कोकराकडं बघतो.

हार्लन उठला, एल्डनच्या उजव्या कानाशी वाकला आणि शक्य तेवढं हळू, तरी स्पष्ट, म्हणाला, "नाचात हा ढोल येणार नाही. तो नको तेव्हा बोललाय. तुझ्यावर राग नाही."

एल्डन म्हणाला, "ठीक."

डॅरल्ड दारात घुटमळला. मग तोही गेला.

महिना संपला. शेजारच्या पठारावरून ढोल मागून आणला. डॅरल्डनंच वाजवला, बरा वाजवला. नाच झाला. एल्डन आला नाही. ऐकू येत नसताना ढोल बघायला जायचं म्हणजे वास घेऊन पोट भरायचं, असं मला म्हणाला.

आणि बर्फ आलं नाही. जानेवारी कोरडा, फेब्रुवारी कोरडा. आता लोकांना दोष द्यायला नाव सापडलं होतं. दुकानात मी रांगेत उभी असताना पुढची बाई मैत्रिणीला सांगत होती, "एकानं ढोल बडवला ना, आता भोगा सगळे."

"अगं ए!" मी म्हणाले. "झरा गेल्या उन्हाळ्यात आटला की नाही? तेव्हा कोणी ढोल बडवला होता? खाणीचे पंप डिसेंबरभर चालतात, कोळसा वाहणारा पट्टा रात्रंदिवस खडखडतो, अख्खा डोंगर खणून नेतात मुक्या महिन्यात, तेव्हा तुम्ही दारात येऊन उभ्या राहता का?"

"आम्ही आमच्या माणसांबद्दल बोलतोय," ती म्हणाली. "त्यांच्याकडून काय अपेक्षा?"

हे तिचं वाक्य माझ्या डोक्यात अजून बसलंय. आपल्या माणसाला शिक्षा, परक्याला माफी. आणि तरी ती पूर्ण चुकीची नव्हती, हे मला जास्त झोंबलं. मीही मानते तो महिना. मानते म्हणूनच चीड येते.

तिथून मी तडक नोरीनच्या घरी गेले. एल्डन ओसरीवर बसला होता, तो ढोल पुढ्यात घेऊन. वाजवत नव्हता. वाद्यांवरून बोट फिरवत होता.

"याचं काय करणारेस?" मी त्याच्या तोंडासमोर जाऊन विचारलं.

"सोडवायचाय. नको तेव्हा बोललेला ढोल घरात ठेवू नये. पण हात होत नाही."

"का?"

त्यानं तळवा कातड्यावर ठेवला. मग म्हणाला, "कसा होता ते कळलं नाही ना. तुम्ही सगळ्यांनी ऐकला. गावात मी एकटाच आहे ज्यानं ऐकला नाही. डॅरल्डला विचारलं, त्यानं मान फिरवली. नोरीनला विचारलं, ती म्हणते त्या गोष्टीबद्दल बोलू नये. बरोबर आहे तिचं." मग वर बघितलं. "तू सांगशील? तू तर कोणाच्या बापाला भीत नाहीस."

भीत होते. त्या आवाजाला चांगलं म्हणायचं म्हणजे त्या दुपारी जे झालं त्याला चांगलं म्हणायचं. गावातल्या एकाही माणसानं ते तोंडातून काढलं नव्हतं, आणि प्रत्येकानं तो ऐकला होता, त्या शांततेत, जशी शांतता वर्षात पुन्हा नसते. मी जवळ बसून सांगायला गेले. त्याला कळेना. जोरात सांगितलं. तरी कळेना. त्यानं उजवा कान पुढं केला.

मग मी ओरडले. ओरडायचं मला जमतं.

"चांगला होता! मामाच्या ढोलापेक्षा चांगला! दगडातून वर येत होता! आम्ही सगळे दारात उभे राहिलो ते घाबरून, पण नुसतं घाबरून नाही! कळलं का?"

समोरच्या घराचं दार उघडलं आणि तसंच राहिलं. वरच्या गच्चीवर कोणीतरी थांबलं. मी बघितलं नाही कोण ते.

"घशात बेडकी नव्हती?" त्यानं विचारलं.

"नव्हती!"

"लाकूड कुठं कुरकुरलं?"

"नाही! सरळ होता! पाण्यात दगड टाकल्यासारखा!"

त्यानं मान हलवली. दोनतीनदा. गल्लीत सगळे ऐकत होते, आणि कोणी मला गप्प केलं नाही.

"मग सोडवतो आता," तो म्हणाला.

त्यानं सुरी काढली. मी खोड धरलं. गाठी त्यानंच मारलेल्या, त्यालाच सुटेनात. वाद्या कापल्या तरी कातडं निघेना, लाकडाला घट्ट धरून वाळलं होतं. नखानं ओढलं, सुरीनं उचललं. काठ तसाच. भिजवल्याशिवाय ते सुटणार नव्हतं, आणि घरातलं पाणी ट्रकवर पिंप ठेवून आणलेलं, प्यायचं.

नोरीन आत सगळं ऐकत असणार. ती बाहेर आली. बादली भरून आणली होती, काठोकाठ. ती तिनं ढोलाशेजारी ठेवली आणि आमच्यासोबत खाली बसली, बाही वर सारून.